विजेचं सोवळं

सोवळं घराघरांतून गेलं, असं आपण समजतो. ओलेत्यानं पाणी भरणं, वाळत घातलेलं सोवळं काठीनं उचलणं, "शिवशील, लांब हो" ही आरोळी, हे सगळं आजीच्या पिढीबरोबर संपलं, असं आपण नातवंडांना सांगतोही. पण काहीतरी शुद्ध राखल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. चुलीपाशी थारा मिळेना, तेव्हा सोवळं दिवाणखान्यात सरकलं आणि ॲम्प्लिफायरच्या मागे, तीन पिनांच्या सॉकेटपाशी ठाण मांडून बसलं.

आमचे एक स्नेही आहेत. मूळचे दादरचे, नोकरी बँकेतली, नाद गाणं ऐकण्याचा. निवृत्तीनंतर त्यांनी लोणावळ्यात तुंगार्लीच्या अंगाला छोटं घर घेतलं, ते हवेसाठी नव्हे. दादरला खिडकीखाली बसगाड्या, शेजारी बांधकाम, वर कुणीतरी पाटे हलवतंय. त्यात विलंबित ख्याल ऐकायचा कसा? लोणावळ्यात शांतता मिळेल, हा त्यांचा हिशेब. शनिवार-रविवारी भुशी डॅमकडे निघालेल्या गाड्यांची रांग त्या हिशेबात धरलेली नव्हती, पण तो विषय आज नको.

त्यांच्या ऐकायच्या खोलीत शिरताना चपला बाहेर. रेकॉर्ड कडांनी धरायची, चरांना बोट लागता कामा नये. टर्नटेबलच्या झाकणावर चहाचा कप ठेवणाऱ्याला पुन्हा बोलावणं येत नाही. इथवर आम्ही सगळे समजून होतो. मग त्या खोलीत एक काळी पेटी आली. उचलायला दोघं लागली. पुढे निळ्या आकड्यांत व्होल्टेज दिसतं: २२७, २२९, पुन्हा २२८. मागे आठ सॉकेट, आणि त्यांतही पंगती वेगळ्या. एक डिजिटलवाल्यांची, एक ॲनालॉगवाल्यांची, आणि एक जास्त करंट ओढणाऱ्या ॲम्प्लिफायरची. सीडी प्लेअरची वायर टर्नटेबलच्या पंगतीत बसलेली चालत नाही.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"पॉवर कंडिशनर. वीज शुद्ध करून घेतो."

वहिनी चहा घेऊन आत येत होत्या. त्या म्हणाल्या, "पिण्याचं पाणी अजून उकळून गाळतोय आम्ही. वीज मात्र फिल्टरची."

आता विजेत अशुद्ध असं काय असतं? घरी येते ती वीज २३० व्होल्टची, आणि प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होऊन येतो. पुस्तकात त्याची लाट गुळगुळीत काढलेली असते. प्रत्यक्षात नाक्यावरच्या डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, आपल्या घरापर्यंत येताना त्या लाटेला सगळी आळी शिवलेली असते. एका डीपीवर कोण कोण असतं ते बघा. पिठाची गिरणी, वेल्डिंगवाला, लॉजचे एसी, कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर. मोटर सुरू होताना एकदम करंट ओढते आणि दिवे डोळे मिचकावतात. मिक्सरचे कार्बन ब्रश ठिणग्या उडवतात. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तर प्रत्येक लाटेचा तुकडाच कापून टाकतो. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, लॅपटॉप, हे वरून गरीब दिसतात. पण त्यांच्या पोटातलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतं-जोडतं आणि त्याची कचकच तारेत परत सोडतं. ही सगळी कचकच ॲम्प्लिफायरच्या दारात येते. दार नीट बंद नसलं, तर आलापात खरखर म्हणून ऐकू येते.

ही कचकच अडवण्याच्या पायऱ्या आहेत. सोवळ्यातही साधं सोवळं, मुकटा, ओलेतं अशा असतच. पहिल्या पायरीला एक बारकी चकती असते, मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर नावाची. व्होल्टेज भलतंच चढलं की ती वरचा भार स्वतःवर घेते, आणि मोठा तडाखा असेल तर जळून जाते. दुसऱ्या पायरीला कॉइल आणि कपॅसिटर यांचा फिल्टर. पन्नासची लाट तो जाऊ देतो, वरची बारीक कचकच गाळतो. तिसऱ्या पायरीला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. यात बाहेरची तार आतल्या तारेला कुठेही जोडलेली नसते, फक्त चुंबकीय क्षेत्रातून वीज पलीकडे जाते. म्हणजे शिवाशिव अक्षरशः बंद. आणि अगदी कडक सोवळ्याची पेटी म्हणजे रीजनरेटर. त्यात बाहेरून आलेल्या विजेची आधी डीसी करतात आणि मग आतल्या आत नवी, गुळगुळीत लाट तयार करतात. परान्न नको, रोजचा स्वयंपाक पेटीतच. त्यात बरीच वीज उष्णता होऊन जाते, म्हणून पेटी तापते. स्नेह्यांचं मांजर त्यावर झोपतं. मांजराला सगळ्या सोवळ्यातून सूट असते, ही परंपरा मात्र जशीच्या तशी टिकली आहे.

यात एक गंमत राहून जाते. कुठलाही बरा ॲम्प्लिफायर हेच सगळं स्वतःच्या पोटात करत असतो. आत ट्रान्सफॉर्मर असतो, पुढे रेक्टिफायर लाटेची उलटी बाजू सुलटी करतो, आणि मग मोठे कपॅसिटर ती सपाट करतात. चांगल्या कारागिरानं हे काम नीट केलं असेल, तर बाहेरच्या पेटीला करायला फारसं उरत नाही. उलट हलक्या प्रतीच्या पेट्या ॲम्प्लिफायरला ऐन वेळी लागणारा करंटच आखडता देतात, आणि पखवाजाची थाप बसायला हवी तिथे बसत नाही. हे मी स्नेह्यांना एकदा सांगून पाहिलं. सोवळ्यातल्या माणसाला शास्त्र सांगू नये, हे तेव्हा ध्यानात आलं.

हे सगळं लोणावळ्यात, आमच्या मावळ तालुक्यात घडावं यात मोठी मजा आहे, कारण वीज ही आमच्याकडची माहेरवाशीण. मुंबईच्या कापड गिरण्या कोळशाच्या धुरात चालत होत्या तेव्हा सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस अडवून त्याची वीज करावी, हे स्वप्न जमशेटजी टाटांनी पाहिलं. ते १९०४ साली गेले. पुढे १९१० मध्ये कंपनी झाली, १९११ च्या फेब्रुवारीत वळवणच्या धरणाची पायाभरणी झाली. वळवण, लोणावळा, शिरोता अशी तळी झाली, आणि तिथलं पाणी मोठाल्या नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली, घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला सोडलं. तिथे १९१५ साली पेल्टन चाकं फिरू लागली आणि तारांवरून वीज मुंबईला पोचली. इंद्रायणीचं पाणी एरवी पूर्वेला उतरून देहू-आळंदीला जायचं. त्यातलं बरंचसं वळवणलाच अडलं आणि पश्चिमेला वळून गिरण्यांची चाकं फिरवायला गेलं. वारी चुकवून नोकरीला लागलेलं हे पहिलं पाणी म्हणायला हरकत नाही. पुढे आमच्याच तालुक्यात ठोकळवाडीला आंध्रा नदी अडवली आणि १९२२ मध्ये भिवपुरीचं केंद्र सुरू झालं. १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिरा.

त्या मुळशीचं पाणी सोपं नव्हतं. १९२१ साली सेनापती बापट आणि तिथले शेतकरी धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले होते. गावं, देवळं, आंबेमोहराची खाचरं पाण्याखाली जाणार होती, आणि अखेर गेली. शुद्ध विजेची जाहिरात वाचताना मला हे हटकून आठवतं. लाट गुळगुळीत करता येते. तिच्या मागचं सगळं गाळून टाकणारा फिल्टर अजून निघालेला नाही.

वीज इथे जन्मली, पण ती इथेच राहिली असं नाही. आजही भरपावसात धरण भरून वाहत असतं आणि त्याच धरणाच्या कडेच्या घरात मेणबत्ती लागलेली असते. बाहेरगावचा पाहुणा असला की त्याला यात विसंगती दिसते. आम्हाला दिसत नाही. "लाइट गेली" हे वाक्य लोणावळ्यात तक्रार म्हणून उच्चारलं जात नाही, हवामानाची बातमी म्हणून सांगितलं जातं. मग इन्व्हर्टर लागतो. पुष्कळ घरांतले इन्व्हर्टर अजून जुन्या धाटणीचे, लाटेऐवजी पायऱ्या देणारे. त्यावर पंखासुद्धा घुमू लागतो. स्नेह्यांची पेटी अशा वेळी तोंड फिरवून बसते. निळे आकडे विझतात. आपल्याला हे चालत नाही, एवढंच ती सुचवते.

आणि आता तर एक गावची वीज अशी गोष्टच उरलेली नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर आणि सोलापूर यांच्यामधली ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाला मिळालं. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळी मोठी जनित्रं एका ठेक्यात फिरतात. लुधियानातला कारखाना आणि आमच्या आळीतली गिरणी एकाच जाळ्यावर. आडातलं पाणी सगळ्या गावाचं असतं. हा आड सगळ्या देशाचा आहे. त्यातून आपली कळशी भरून ती आपल्या पेटीत गाळणं एवढंच माणसाच्या हाती राहतं.

ठेका एक म्हणजे सूरही एक. हे मला माझ्या पुतणीनं दाखवून दिलं. ती गाणं शिकते. सुट्टीत आली होती, संध्याकाळी आम्ही फिरून येत होतो. धुकं उतरलं होतं. नाक्यावरच्या डीपीखाली ती थांबली आणि कान देऊन म्हणाली, "काका, ही डीपी पांढरी पाचला लागलीये. जरा चढी आहे."

मी घरी येऊन आकडे मांडले. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा चुंबकत्वामुळे किंचित ताणतो आणि सैल होतो, आणि हे प्रत्येक आवर्तनात दोनदा होतं. म्हणून पन्नासच्या विजेवर डीपी शंभरच्या सुरात घुमते. हार्मोनियमवर खालच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, म्हणजे पांढरी पाच, सेकंदाला ९८ आवर्तनांच्या आसपास असते. म्हणजे डीपी पांढरी पाचच्या थोडी वर. पोरीचा कान खरा. त्यातही देशभरच्या विजेची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ यांच्यात राखायची, असा नियम आहे. या दोन टोकांमधलं अंतर प्रमाण श्रुतीच्या चौथ्या हिश्शाएवढं भरतं. तेवढा सूर हलला तर आपण भल्याभल्या बुवांना बोलत नाही. सुराला इतका पक्का आणि मानधनाला इतका स्वस्त साथीदार दुसरा नाही.

यातून पुढचे सगळे घोटाळे उलगडतात. विजेची ही गुणगुण स्पीकरमधूनही येते. पांढरी एकच्या षड्जात गाणाऱ्याला ती पंचम पुरवते, किंचित चढा. काळी एकला गाणाऱ्याला तीच तीव्र मध्यम देते. यमन असेल तर निभावतं. भूप असेल तर त्यात मध्यमच वर्ज्य, तेव्हा दर वेळी न बोलावलेला पाहुणा बैठकीत येऊन बसतो. स्नेह्यांची गुणगुणीबद्दलची तक्रार बहुतेक भूपाच्या रेकॉर्डवर असायची, ती याच कारणानं असेल असा माझा तर्क आहे. अमेरिकेत वीज साठ आवर्तनांची, तेव्हा तिथल्या मराठी घरांतली गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध पडते. तिला धड कुठलाच सूर नाही. एडिसन-न्यू जर्सीची मंडळी गणेशोत्सवात इथून गवई बोलावतात, त्यामागे हेही एक कारण असू शकेल. जपानची तर निराळीच तऱ्हा. तिथे पूर्वेकडे पन्नास आणि पश्चिमेकडे साठ. आणि तिथल्याच काही शौकिनांनी घरासमोर स्वतःच्या खर्चानं विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर उभा केल्याची बातमी २०१६ मध्ये आली होती. स्वतंत्र आड, स्वतंत्र रहाट! स्नेह्यांनी ती बातमी कापून ठेवली आहे. वहिनींनी ती पाहिली आहे. खांबाचा विषय अजून कुणी काढलेला नाही.

तर पेटी आली, पंगती लागल्या, निळे आकडे चमकले, आणि गुणगुण वाढली. ऐकू येईल इतकी. स्नेह्यांनी आणखी जाड वायर आणली. पेटीच्या माहितीपत्रकात अर्थिंग उत्तम हवं असं लिहिलं होतं, म्हणून घराच्या सार्वजनिक अर्थिंगवर विसंबून न राहता त्यांनी बागेत, जास्वंदीजवळ, तांब्याची नवी सळई ठोकून घेतली आणि पेटीची अर्थवायर तिथे नेली. गाण्याचं अर्थिंग वेगळं. गुणगुण आणखी वाढली.

शेवटी वायरमनला बोलावलं. हा आमच्या कामशेतकडचा. पावसाळ्यात घरांच्या वायरिंगची कामं करतो आणि एरवी गावोगावच्या हरिनाम सप्ताहांचा मंडप, दिवे आणि लाउडस्पीकर सांभाळतो. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. त्यामुळे माइकही सात दिवस बंद होत नाही, आणि गुणगुण आली तर ती तिथल्या तिथे, काकड्यापासून हरिजागरापर्यंतच्या एखाद्या फटीत काढावी लागते. त्याचं सारं शिक्षण या शाळेत झालेलं.

त्यानं पेटीकडे पाहिलं, आदरानं हात मागे घेतला आणि बागेत गेला.

"काका, ही सळई कोणी ठोकली?"

"मीच ठोकून घेतली. ऑडिओसाठी वेगळं अर्थिंग."

"घराचं एक आन् गाण्याचं एक? मग दोन्हीत फरक पडणार. आन् तो फरक तुमच्या वायरीतनं वाजणार."

त्यानं मल्टीमीटर काढला. एक टोक सळईला, दुसरं घराच्या अर्थला. आकडा चार व्होल्टच्या वर गेला. मग तो खोलीत आला, वायरींच्या मागून हात फिरवत गेला आणि कॉम्प्युटरपाशी थांबला. स्नेही आता पुष्कळ गाणं कॉम्प्युटरवरूनही ऐकतात. पण कॉम्प्युटर म्हणजे कचकचीचं आगर, म्हणून त्याला पेटीच्या पंगतीत जागा नव्हती. तो बाहेर, भिंतीतल्या साध्या सॉकेटवर. त्याचं अर्थिंग घराचं, ॲम्प्लिफायरचं अर्थिंग जास्वंदीचं, आणि दोघांना जोडणारी एक बारीक ऑडिओ वायर. दोन अर्थिंगमधला फरक त्या वायरीच्या आवरणातून वाहत होता, आणि तो पन्नासच्या ठेक्यात वाहत असल्यानं ॲम्प्लिफायर त्याला गाणं समजून मोठा करत होता. याला ग्राउंड लूप म्हणतात. पेटी कितीही महाग असो, तिच्या मागून फिरून येणाऱ्या या वाटेवर तिचा काही अधिकार चालत नाही. ज्याला बाहेर बसवलं होतं, तोच हाताला हात लावून आत आला होता.

मग वायरमननं घराचा मूळ अर्थिंगचा खड्डा शोधला. मोरीच्या मागे, पालापाचोळ्याखाली, सिमेंटचं झाकण. हा खड्डा नीट समजून घेण्यासारखा असतो. खोल खड्डा घेऊन त्यात जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पत्रा पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देतात. मीठ आणि ओल यांमुळे जमीन वीज वाहून न्यायला तयार होते. आमच्याकडे वर वीतभर माती आणि खाली मुरूम, त्याखाली कातळ. आषाढात पाण्याला तोटा नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो, तेव्हा सगळा गावच अर्थिंगमध्ये बुडालेला असतो. पण चैत्र-वैशाखात तोच मुरूम खडखडीत वाळतो आणि खड्डा नावापुरता उरतो. हा महिना वैशाख होता. क्लॅम्पला गंजानं पापुद्रे धरले होते. त्यानं क्लॅम्प घासला, नटबोल्ट बदलला, बागेतली सळई जाड वायरनं घराच्या अर्थला जोडून टाकली, कॉम्प्युटरचा प्लग काढून पेटीवर, डिजिटलच्या पंगतीत खोचला, आणि वहिनींकडून दोन बादल्या पाणी मागून घेऊन खड्ड्यात ओतलं.

"लावा आता," तो म्हणाला.

स्नेह्यांनी आवाज पूर्ण चढवला. काही नाही. बाहेर कोकिळा ओरडत होती ती ऐकू आली.

वायरमननं पाचशे रुपये घेतले. पेटीची किंमत किती, ते वहिनींना अजून समजलेलं नाही, आणि ते माझ्या तोंडून समजावं अशी माझी इच्छा नाही.

म्हणून पेटी निरुपयोगी, असं मी म्हणणार नाही. वळवाच्या पावसात राजमाचीच्या बाजूला वीज कडकडते तेव्हा तारेतून जो झटका येतो, तो अडवायला पहिल्या पायरीचं संरक्षण हवंच हवं. फ्रिज सुरू होताना स्पीकरमध्ये टक् होत असेल, शेजारच्या वेल्डिंगची चरचर ऐकू येत असेल, तर फिल्टर आपलं काम करतो. व्होल्टेज संध्याकाळी पडत आणि मध्यरात्री चढत असेल, तर स्टॅबिलायझर हवाच. पण प्रत्येक औषध आपापल्या दुखण्यावर. या पेट्या विकणाऱ्यांच्या पत्रकात मात्र दुखण्याचं नाव नसतं. फक्त "पडदा दूर झाल्यासारखं वाटेल" असं असतं. पडदा दूर झाला की नाही हे तपासायची एकच रीत आहे. पेटी कधी जोडली आणि कधी काढली, हे ऐकणाऱ्याला कळू न देता त्याच्याकडून ओळखून घ्यायचं. स्नेह्यांना हे सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "श्रद्धेची परीक्षा घेऊ नये." ते बरोबरच बोलले असावेत.

आणि आपल्याला हवी असते ती शांतता तरी कोणती? तंबोऱ्याचंच घ्या. मिरजेचा कारागीर घोडीची जवारी तासतो, आणि गवई तारेखाली सुताचा दोरा सरकवत बसतो, तो कशासाठी? तार साधी वाजू नये, तिच्यात झंकार यावा, गुणगुण यावी, म्हणून. एक गुणगुण काढायला लाख रुपये आणि दुसरी आणायला सुताचा एक दोरा. दोन्ही सततच्या, दोन्ही पाठीमागच्या. फरक एवढाच की एक आपण लावून घेतलेली आहे आणि दुसरी डीपीनं लावलेली. ऐकणाऱ्याचा सगळा झगडा या मालकीहक्काचा असतो.

खरोखर विजेचा विटाळ नसलेलं गाणं ऐकायचं असेल तर तेही आहे. गौहर जानच्या आवाजाच्या पहिल्या तबकड्या १९०२ साली कोलकात्यात झाल्या, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायिका कर्ण्यात तोंड घालून गायची आणि तिच्या आवाजाच्या नुसत्या जोरानं सुई मेणावर चर पाडायची. विजेच्या मायक्रोफोनवर तबकड्या निघू लागल्या त्या १९२५ नंतर. त्याच १९२५ च्या ३ फेब्रुवारीला बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली, आणि पाच वर्षांनी, १ जून १९३० ला सुरू झालेली दख्खनची राणी विजेवर घाट चढून लोणावळ्यातून पुण्याला जाऊ लागली. मुंबईकडची वीज आमच्या दारावरून पुण्याला गेली ती अशी. तारेवर ठिणगी उडाली की घरातला रेडिओ खरखरायचा, आणि जुनी माणसं त्या खरखरीवरून गाडी वेळेवर आहे का ते सांगत. तर १९२५ च्या आधीच्या त्या तबकड्या संपूर्ण सोवळ्यातल्या. विजेचा स्पर्श नाही. त्या लावल्या की पहिल्यांदा ऐकू येते ती तबकडीची खरखर, मग त्या खरखरीच्या पलीकडून एक बाई येते आणि पुढची तीन मिनिटं खरखर कुणालाच ऐकू येत नाही. आमच्या स्नेह्यांनाही नाही. मी त्यांच्याकडे पाहत होतो.

तेव्हा माझं मत विचाराल तर ते असं. आधी वायरमन बोलवा, मग दुकानदार. घराचं अर्थिंग एकच असू द्या आणि दर उन्हाळ्यात त्याच्या खड्ड्याला, तुळशीला घालता तसं, पाणी घाला. सगळी यंत्रं एकाच ठिकाणाहून जोडा, पंक्तिभेद करू नका. झटक्यापासून वाचवणारा बरा, साधा संरक्षक घ्या. उरलेल्या पैशांत रेकॉर्डी घ्या, आणि एवढं करूनही पैसे उरलेच तर एखाद्या गवयाची बैठक घरी करा, तिला पेटी लागते ती हार्मोनियमची. आणि गुणगुण जावी म्हणून कुणी प्लगची तिसरी पिन काढून टाकायला सांगितलं, तर त्याचं मुळीच ऐकू नका. गुणगुण त्यानं थांबेलही. पण कधी आत तार सुटून डब्याला लागली, तर ती वीज जमिनीत जाणार नाही, तुमच्या अंगातून जाईल.